विश्रांतीचा दिवस

लिओन शहराबाहेरचं हॉटेल, खोली दोनशे अकरा.
पलंग भिंतीला उभा करून मी टेबल मांडलंय.
खिडकीत आठ जर्सी वाळताहेत,
जिन्यात शिजल्या भाताचा वास.
आज शर्यत नाही. आज फक्त पाय.

आधी योस्ट तेरविंट येतो, वय बावीस.
कानाशी फोन, पलीकडे आई,
घशातून खाकरल्यासारखी त्यांची ती भाषा, मधेच हसू.
पोटरीत अंगठा रुतवावा तर मांस उसळून वर येतं,
मुरलेल्या कणकेसारखं.
पंधरा टप्पे झाले,
या पायांना अजून बातमीच नाही.

मग बेलार्मिनो. सदतीस.
दार न वाजवता येतो, चौदा वर्षं तसाच येतो.
गळपट्टीचं हाड तीनदा मोडून तीन तऱ्हांनी जुळलेलं,
डाव्या खुब्यावर डांबराने काढलेला नकाशा.
ही शर्यत दोनदा जिंकलाय.
आता पोराला पाणी पुरवतो:
गाडीपाशी मागे जायचं, जर्सीत सात बाटल्या कोंबायच्या,
पोक आल्यासारखं पुन्हा पुढे यायचं.

खाली बारमध्ये पेपर उघडा पडलाय.
दोन फोटो, दोन रकाने.
बाविसाव्या वर्षी हा, बाविसाव्या वर्षी तो.
जिंकलेले टप्पे, आघाडीच्या जर्सीतले दिवस, किलोमागे वॉट.
बारवाला एलादियो म्हणतो, तेव्हा घाट खरे घाट होते.
त्याचा मेहुणा म्हणतो, तेव्हा समोर होतं कोण?
दोघांपैकी कोणी
सायकलवरून पाव आणायलासुद्धा जात नाही.

मला कोणी विचारत नाही.
फॉर्म म्हणजे काय ते माझ्या तळहातांना माहीत.
जावयासारखा येतो,
सगळं घर त्याच्या तालावर नाचतं,
आणि एका सकाळी भरल्या ताटावरून उठून जातो.
कारण सांगत नाही. कारण नसतंच.
मागे राहिलेल्यांनी आठवत बसायचं,
आपलं काय चुकलं.

"निकानोर," उशीत तोंड खुपसून बेलार्मिनो म्हणतो,
"त्या वर्षीचे माझे पाय, आणि या पोराचे. खरं सांग."

त्या वर्षी. आस्तुरियासचा घाट, धुकं,
रस्त्यात आडव्या गाई, आणि हा एकटा वर येताना.
मी शेवटच्या वळणावर जॅकेट घेऊन उभा होतो.
दिसायच्या आधी ऐकू आला:
श्वास नव्हे, नुसती साखळीची सळसळ.
संध्याकाळी याच टेबलावर हात ठेवला तेव्हा
मांड्या थंड होत्या, जणू कुठे गेल्याच नव्हत्या.
तसे पाय त्यानंतर एकदाच लागले हाताला.
आज, अर्ध्या तासापूर्वी.

हात खोटं बोलत नाहीत,
म्हणून तोंडाला बोलावं लागतं.
म्हटलं, "त्याचे पाय अजून पडलेत कुठे?"
तो हसला. मोडकं हाड कातडीखाली हललं.
त्याला कळलं. मलाही कळलं की त्याला कळलं.
मी आणखी थोडं तेल घेतलं.

उतारवय म्हणतात ना,
काल पावसात पाहायला हवं होतं त्यांनी.
खिंडीपलीकडे चौदा किलोमीटर खाली रस्ता,
योस्टची बोटं ब्रेकवर गोठलेली,
आणि हा त्याच्यापुढे, एका हाताने दाखवत:
इथे खडी. इथे शेण. इथे सोड, सोड, आता सोड.
चाळीस सेकंद भरून काढले.
पेपरात ते योस्टच्या रकान्यात आहेत.

रात्री टेबल पुसत होतो, तर पोरगं दारात.
हेडफोन विसरला होता.
घेतला, तरी जाईना.
"माझ्या वयाचा असताना तो कसा होता?"

म्हटलं, पहिल्याच आठवड्यात पोट बिघडलं,
रस्त्याकडेच्या मक्यात बसून रडला,
मागून येणाऱ्या बसमधून घरी गेला.
हेडफोनही विसरायचा.

"मग?"

मग काय. उद्या घाट आहे, सव्वाअकराचा निघायचा नंबर.
झोप जा.